पत्ता बरोबर, पान कोरं

वेब अ‍ॅपमध्ये एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलं की पडदा पांढराफटक होतो. कन्सोल उघडला तर लाल अक्षरांत एक ओळ: 'कॅनॉट रीड प्रॉपर्टीज ऑफ अनडिफाइन्ड', आणि पुढे कंसात 'रीडिंग' अमुक. फ्रंट-एंडचं काम करणाऱ्या प्रत्येकाची या ओळीशी गाठ पडते. पवनीत, आसगावात किंवा लाखांदुरात घरी बसून व्हिडिओ पाहत रिअ‍ॅक्ट नाहीतर व्ह्यू शिकणाऱ्या मुलामुलींना ती जास्त छळते, कारण शेजारच्या खुर्चीवर विचारायला कुणी अनुभवी माणूस नसतो. हा लेख त्यांच्यासाठी.

उदाहरणासाठी एक छोटं अ‍ॅप डोळ्यांसमोर ठेवू. भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका धानाचा, आणि आसगाव त्यातलंच एक गाव. समजा, आपल्या अ‍ॅपमध्ये तालुक्यातल्या गावांची यादी आहे. गावाच्या नावावर बोट टेकवलं की त्या गावाचं पान उघडतं: धान खरेदी केंद्र कुठलं, नोंदणी कधीपर्यंत, बारदाना आला की नाही. यादीचा पत्ता `/गावे`. एका गावाचा पत्ता `/गाव/` आणि त्यापुढे गावाचा कोड. व्हेरिएबलची नावं इथे देवनागरीतच लिहिली आहेत; जावास्क्रिप्टला ती चालतात.

ओळ आधी नीट वाचा

कंसात 'रीडिंग नाव' असं दिसलं की बहुतेक जण नावाच्या मागे लागतात. सर्व्हरकडून नाव आलं नाही का, डेटाबेसमधला रकाना रिकामा आहे का, याची शोधाशोध सुरू होते. ती दिशाच चुकीची आहे. `गाव.नाव` असं लिहिलं असेल आणि फक्त नाव नसेल, तर एरर येतच नाही. पानावर तेवढी जागा मोकळी राहते. एरर आला याचा अर्थ टिंबाच्या डावीकडचं `गाव` हेच हाती आलेलं नाही. घरच नाही, तर दारावरची पाटी वाचणार कशी? साखळी लांब असेल तेव्हा हा नियम फार उपयोगी पडतो. `गाव.केंद्र.वेळ` या साखळीत कंसात 'वेळ' दिसत असेल तर गाव मिळालं आहे, केंद्र मिळालेलं नाही. कंसात 'केंद्र' असेल तर गावच मिळालेलं नाही.

क्रोमनं या ओळीची शब्दरचना 2021 च्या सुमारास बदलली. त्याआधी 'कॅनॉट रीड प्रॉपर्टी' यापुढे लगेच ते नाव यायचं, म्हणून जुनी उत्तरं शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहा. सफारी 'अनडिफाइन्ड इज नॉट अ‍ॅन ऑब्जेक्ट' असं म्हणतो आणि कंसात ती साखळी छापतो. फायरफॉक्स सगळ्यांत मदतीचा, कारण कुठलं व्हेरिएबल अनडिफाइन्ड आहे हे तो नावानिशी सांगतो. क्रोममध्ये डोकं चालेनासं झालं की तेच पान फायरफॉक्समध्ये उघडायला काही खर्च येत नाही.

जावास्क्रिप्टचा एक स्वभाव इथे लक्षात घ्यायला हवा. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये 1995 मध्ये ही भाषा तयार केली तेव्हापासून तो तसाच आहे. ऑब्जेक्टकडे नसलेली गोष्ट मागितली तर ती तक्रार करत नाही, गुपचूप अनडिफाइन्ड हातात ठेवते. `गाव.केंद्र` ऐवजी `गाव.केद्र` असं अनुस्वाराविना लिहिलं तरी त्या ओळीवर काहीच होत नाही. बोंब होते ती पुढच्या पायरीवर, त्या अनडिफाइन्डकडून आणखी काही मागितल्यावर. म्हणजे एरर जी ओळ दाखवतो ती परिणामाची ओळ असते. कारण तिच्या आधी कुठेतरी असतं, कधी चार ओळी आधी, तर कधी वेगळ्याच फाइलमध्ये. राउटिंगच्या बाबतीत ते बहुतेक वेळा आधीच्या पानावर असतं, आणि म्हणूनच हा एरर इतका वेळ खातो.

कंसातलं नाव बिघाडाचा पत्ताही देतं. तिथे 'पॅराम्स' असेल तर राउटरचा 'मॅच' हा प्रॉप तुमच्या कंपोनंटपर्यंत पोचलेला नाही. रिअ‍ॅक्ट राउटरच्या पाचव्या आवृत्तीसाठी लिहिलेला कोड सहाव्या आवृत्तीवर चालवला की नेमकं हेच होतं. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीत राउटर हे प्रॉप्स आपणहून देतच नाही. पॅरामीटर 'यूजपॅराम्स' या हुकनं घ्यावे लागतात. यूट्यूबवरचा व्हिडिओ 2019 चा, तुम्ही आज बसवलेलं पॅकेज नवं, असं असेल तर चूक तुमच्या समजुतीत नाही, दोन आवृत्त्यांच्या फरकात आहे. म्हणून कोड तपासण्याआधी 'पॅकेज जेसन' फाइल उघडून राउटरची आवृत्ती बघा.

कंसात 'पुश' असेल तर राउटर किंवा हिस्ट्रीच मिळालेली नाही. व्ह्यूमध्ये राउटर अ‍ॅपला जोडायचं राहिलं की असं होतं. रिअ‍ॅक्ट राउटरच्या पाचव्या आवृत्तीत कंपोनंट राउटरच्या बाहेर राहिला की होतं. 'प्रॉप्स' असेल तर बहुधा क्लासमधल्या फंक्शननं 'धिस' हरवला आहे. व्ह्यूच्या 'बिफोर राउट एंटर' मध्येही 'धिस' नसतो, कारण तोवर कंपोनंट तयारच झालेला नसतो. 'मॅप' किंवा 'लेंग्थ' असेल तर यादी अजून यायची आहे, किंवा आली आहे पण तुम्ही समजता त्या जागी नाही. 'बेसनेम' दिसला तर लिंक राउटरच्या बाहेर ठेवली गेली आहे.

पानाला पत्ता पुरला पाहिजे

आता मुख्य मुद्दा. माझं यावर ठाम मत आहे: ज्या पानाला स्वतःचा पत्ता आहे, ते पान केवळ त्या पत्त्याच्या बळावर उघडता आलं पाहिजे. राउटिंगमधले अनडिफाइन्डचे जवळपास सगळे किचकट प्रकार हा नियम मोडल्यामुळे होतात.

होतं असं. यादीच्या पानावर सगळ्या गावांची माहिती आधीच आलेली असते. आसगाववर क्लिक केल्यावर ती पुन्हा कशाला मागवायची, म्हणून आपण तो आख्खा ऑब्जेक्ट राउटरच्या 'स्टेट' मधून पुढच्या पानाला देतो. लॅपटॉपवर झकास चालतं, कारण आपण दर वेळी यादीतूनच आत जातो. मग कुणीतरी आसगावच्या पानाची लिंक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं. ग्रुपमधला माणूस लिंकवर बोट टेकवतो, त्याच्या फोनवर यादीचं पान कधी उघडलेलंच नसतं, स्टेट रिकामी असते आणि पडदा पांढरा होतो. रिअ‍ॅक्ट राउटरच्या सहाव्या आवृत्तीत अशा वेळी 'लोकेशन स्टेट' नल असते, पाचव्या आवृत्तीत अनडिफाइन्ड.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. रिफ्रेश केलं की ही स्टेट जाते असं सर्रास सांगितलं जातं, ते खरं नाही. साध्या ब्राउझर राउटरमध्ये स्टेट त्या टॅबच्या हिस्ट्रीत साठवलेली असते आणि रिफ्रेशनंतरही राहते. म्हणूनच 'मी रिफ्रेश करून पाहिलं, चालतंय' ही तपासणी फसवी ठरते. खरी तपासणी एकच: पत्ता कॉपी करा, खासगी खिडकी उघडा आणि तिथे चिकटवा. रिडक्स किंवा पिनियासारख्या स्टोअरमध्ये ठेवलेल्या माहितीचं मात्र उलट आहे. ती मुद्दाम साठवून ठेवली नसेल तर रिफ्रेशबरोबर पुसली जाते.

व्ह्यू राउटर वापरणाऱ्यांना हा धडा 2022 मध्ये थेट मिळाला. पत्त्याच्या साच्यात जो पॅरामीटर लिहिलेलाच नाही, तोही 'पॅराम्स' मधून पुढच्या पानाला देण्याची युक्ती तोवर चालून जात होती. 4.1.4 या आवृत्तीपासून असे पॅरामीटर राउटर टाकून देतो आणि कन्सोलवर इशारा छापतो. कालपर्यंत चालणारी अ‍ॅप पॅकेज अपडेट केल्याबरोबर अनडिफाइन्ड दाखवू लागली. अनेकांची चिडचिड झाली, पण निर्णय योग्यच होता. जे पत्त्यात नाही ते लिंकबरोबर दुसऱ्या माणसापर्यंत कधीच जाणार नव्हतं.

तेव्हा यादीतून आलेली माहिती पान लवकर दिसावं म्हणून खुशाल वापरा, पण तिच्यावर विसंबू नका. पत्त्यातून कोड घ्या आणि त्या कोडवरून माहिती मागवा.

पत्त्यातलं आसगाव

पत्त्यातून कोड घेतला, यादीत शोधला, तरीही अनडिफाइन्ड. यादीत गाव तर डोळ्यांना दिसतं आहे! पत्त्यातून आलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, आणि सर्व्हरनं पाठवलेला कोड बऱ्याचदा आकडा असतो. `"101" === 101` याचं उत्तर नकारार्थी येतं. 'फाइंड' ला काही सापडलं नाही की ते अनडिफाइन्ड परत करतं, आणि पुढच्याच ओळीत आपण त्याच्याकडून नाव मागतो. 'फिल्टर' करून पहिला घटक उचलला तरी तीच गत.

यावर पत्त्यातल्या स्ट्रिंगचा आकडा करण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो. सरकारी कोड वापरणार असाल तर तो मानू नका. 2011 च्या जनगणनेत तालुक्यांना पाच अंकी कोड आहेत आणि ते शून्यानं सुरू होतात. आकडा केला की शून्य गळतं. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये नुसती उघडून सेव्ह केली तरी गळतं, आणि मग एका फाइलमध्ये शून्यासह, दुसरीत शून्याविना असे दोन कोड एकमेकांना भेटतच नाहीत. कोडची बेरीज-वजाबाकी आपण कधी करणार नाही. तो आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे, म्हणून सर्व्हरपासून पडद्यापर्यंत सगळीकडे स्ट्रिंगच ठेवा.

मग कोडची झंझट कशाला, सरळ `/गाव/आसगाव` असा पत्ता करू, असं वाटणं साहजिक आहे. पत्ता वाचायला गोड दिसतो, पण त्यात तीन खड्डे आहेत.

पहिला खड्डा नावाच्या सारखेपणाचा. आसगाव एकच नाही. गोव्यात बार्देश तालुक्यातही आसगाव आहे. आपल्या भंडाऱ्यातल्या आसगावापुढे चौरास भागाची खूण म्हणून कंसात 'चौ.' लावण्याचीही पद्धत आहे. एका तक्त्यात 'आसगाव', दुसऱ्यात 'आसगाव (चौ.)' असं असेल तर दोन्हींची जुळणी होणार नाही आणि हाती अनडिफाइन्ड येईल. तोही बरा म्हणायचा, कारण निदान कळतं तरी. दुसऱ्याच आसगावची माहिती निमूटपणे दिसू लागली तर शेतकरी भलत्याच केंद्रावर ट्रॅक्टर घेऊन जाईल.

दुसरा खड्डा नाव बदलण्याचा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव 2023 मध्ये झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर 2024 मध्ये. ज्यांनी जिल्ह्याचं नाव हीच चावी धरून कोड लिहिला होता, त्यांची प्रत्येक जुनी लिंक त्या दिवसापासून अशा चावीनं दार उघडू पाहते जी आता यादीत नाही. नुसतं नावच नव्हे, जिल्हेही बदलतात. 1999 च्या 1 मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचे 35 जिल्हे आहेत, पालघर 2014 मध्ये झाला. जनगणनेच्या तक्त्यावर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये कुणी पालघर निवडलं की `जिल्हे["पालघर"]` अनडिफाइन्ड देणार, हे कोड न चालवताही सांगता येतं. चालू यादीसाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतले कोड वापरावेत; तिथे प्रत्येक गावाला स्वतंत्र कोड आहे.

तिसरा खड्डा देवनागरीचा, आणि तो इंग्रजी शिकवण्यांत तुम्हाला कुणी दाखवणार नाही. पत्त्यात देवनागरी अक्षरं जशीच्या तशी जात नाहीत. ब्राउझर प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट करतो आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि दोन अंक-अक्षरं असा लिहितो. 'आसगाव' या शब्दात आ, स, ग, काना आणि व अशी पाच चिन्हं आहेत. पत्त्यात त्यांची 45 अक्षरं होतात. राउटरकडून पॅरामीटर घेतला तर तो पुन्हा उलगडून मिळतो. पण 'लोकेशन' चा 'पाथनेम' घेऊन तिरप्या रेघेवर स्वतःच तुकडे पाडले, तर हाती टक्क्यांची ती रांगच येते, आणि ती कुठल्याही यादीत सापडत नाही. अशा वेळी 'डिकोड यूआरआय कंपोनंट' वापरावं लागतं. पत्त्याचे तुकडे स्वतः पाडूच नका, ते काम राउटरला करू द्या.

इथवर सगळं नीट केलं तरी एक चकवा उरतो. 'आ' हे युनिकोडमध्ये एकच स्वतंत्र चिन्ह आहे. काही कीबोर्डवर किंवा जुन्या फॉन्टमधून रूपांतर करताना ते 'अ' आणि पुढे काना असं दोन चिन्हांत येतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी ही जोडी एक होत नाही, कारण युनिकोड त्यांना समान मानतच नाही. असा संशय आला की दोन्ही स्ट्रिंगची लांबी छापून पाहा: एकीत पाच आणि दुसरीत सहा दिसली की चोर सापडला. एक्सेलमधून आलेल्या नावाच्या शेवटी लागलेली रिकामी जागाही अशीच पकडता येते.

या सगळ्यामुळे माझा सल्ला असा की चावी कोडची ठेवा आणि नाव केवळ दाखवण्यापुरतं वापरा. `/गाव/101/आसगाव` असा पत्ता करून फक्त 101 वाचलं तर लिंक वाचनीय राहते आणि नाव बदललं तरी मोडत नाही.

पॅरामीटरच्या बाबतीत आणखी एक साधी गोष्ट. राउटच्या साच्यात `:गावकोड` लिहिलं आणि कंपोनंटमध्ये `गाव_कोड` वाचलं, तर अनडिफाइन्डच मिळेल. रोमन लिपीत लहान-मोठ्या अक्षरांचा घोळ रोज होतो. कंपोनंटच्या पहिल्याच ओळीत आख्खा पॅरामीटर ऑब्जेक्ट कन्सोलवर छापा. हा घोळ तिथल्या तिथे उघडा पडतो.

येतंय, आलं, सापडलं नाही

कोड बरोबर, पत्ता बरोबर, तरी पहिल्याच क्षणी एरर. माहिती सर्व्हरकडून यायला वेळ लागतो, पण कंपोनंट तिची वाट पाहत थांबत नाही. तो आधी एकदा रेंडर होतो, तेव्हा `गाव` रिकामंच असतं. नेट कितीही वेगवान असलं तरी हे पहिलं रेंडर चुकत नाही.

म्हणून गावाच्या पानाच्या चार अवस्था कोडमध्ये वेगवेगळ्या लिहा: माहिती येते आहे, आली, असं गाव नाही, आणि मागवताना बिघाड झाला. बहुतेक कोडमध्ये पहिल्या दोनच असतात. तिसरी आणि चौथी राहून गेल्या की त्यांचं रूपांतर अनडिफाइन्डमध्ये होतं.

या शेवटच्या दोन अवस्थांत 'फेच' चा एक गुण फसवतो. सर्व्हरनं 404 दिला तरी फेच एरर टाकत नाही. उत्तर आलं एवढंच तो पाहतो. त्या उत्तरात गावाऐवजी 'सापडलं नाही' असा निरोप असतो, आपण त्यातून `उत्तर.गाव` काढतो आणि पुढे गाडी अडते. उत्तराचा 'ओके' तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो तपासूनही फसायला होतं असा एक प्रकार राउटिंगशी जोडलेला आहे. एपीआयचा पत्ता सुरुवातीच्या तिरप्या रेघेविना लिहिला, तर ब्राउझर तो चालू पानाच्या पत्त्याला जोडून घेतो. `/गावे` वर असताना सगळं बरोबर चालतं. `/गाव/101` वर गेलं की तीच विनंती `/गाव/` च्या पोटातल्या नसलेल्या पत्त्यावर जाते. एकपानी अ‍ॅपचा सर्व्हर अनोळखी पत्त्याला मुख्य एचटीएमएल पानच परत देतो, तेही 200 या शिक्क्यासह. आपण त्यात जेसन शोधत बसतो. नेटवर्क टॅबमध्ये उत्तर उघडून पाहिलं आणि पहिलंच चिन्ह कोनी कंस दिसलं, की हे निदान पक्कं.

आसगावच्या पानावरून थेट शेजारच्या गावाच्या पानावर गेल्यावर जुनंच गाव दिसत राहणं, हाही याच घराण्यातला त्रास आहे. साचा तोच असल्यामुळे राउटर कंपोनंट नव्यानं बांधत नाही, आहे तोच वापरतो. व्ह्यूमध्ये 'क्रिएटेड' पुन्हा चालत नाही, अँग्युलरमध्ये 'स्नॅपशॉट' मधला जुना कोड राहतो, रिअ‍ॅक्टमध्ये 'यूजइफेक्ट' च्या अवलंबन-यादीत कोड लिहिला नसेल तर मागणी पुन्हा जात नाही. नेट रांगत असेल तर आणखी एक भानगड होते: पहिल्या गावाचं उत्तर दुसऱ्या गावाच्या नंतर येतं आणि त्याच्यावर चढून बसतं. पान सोडताना जुनी मागणी 'अबॉर्ट कंट्रोलर' नं रद्द करा. क्रोमच्या नेटवर्क टॅबमध्ये वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे. गावातल्या फोनवर जे होतं ते शहरातल्या वायफायवर बघायचं असेल तर तिच्याशिवाय इलाज नाही.

नवी साधनं यातला बराच भार उचलतात. रिअ‍ॅक्ट राउटरच्या 6.4 आवृत्तीपासून 'लोडर' आहे, अँग्युलरमध्ये 'रिझॉल्व्हर' आहे. माहिती आल्यावरच पान रेंडर होतं. नव्यानं सुरुवात करत असाल तर हीच वाट धरा. नेक्स्ट.जेएस वापरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पंधराव्या आवृत्तीपासून पानाला मिळणारे 'पॅराम्स' हे प्रॉमिस असतं, त्यासाठी 'अवेट' लागतं.

प्रश्नचिन्हाचा मोह

`गाव?.नाव` असं लिहिलं की एरर गायब होतो. 2020 च्या मानकात ही सोय जावास्क्रिप्टमध्ये आली आणि ती चांगली आहे, पण एरर आला की टिंबाच्या आधी प्रश्नचिन्ह टाकण्याची सवय वाईट आहे. जे गाव मिळायलाच हवं होतं ते का मिळालं नाही, हा प्रश्न त्यानं सुटत नाही, फक्त दिसेनासा होतो. पान उघडतं, मथळ्याच्या जागी कोरी पट्टी, केंद्राच्या जागी कोरी पट्टी. ज्याला उद्या धान विकायला न्यायचं आहे त्याला कोऱ्या पट्टीवरून काय कळणार? केंद्र नाही, की माहिती आली नाही? प्रश्नचिन्ह तिथेच वापरा जिथे ती गोष्ट नसणं रास्त आहे. एखाद्या गावात खरेदी केंद्र नसू शकतं, म्हणून `गाव.केंद्र?.वेळ` योग्य. खुद्द गाव नसणं ही वेगळी अवस्था आहे. तिला तिचं स्वतःचं पान हवं.

टाइपस्क्रिप्ट इथे खूप कामाला येतं, विशेषतः 'स्ट्रिक्ट' सुरू असेल तर: 'फाइंड' चं उत्तर अनडिफाइन्ड असू शकतं हे ते कोड लिहितानाच बजावतं. पण सर्व्हरकडून आलेल्या जेसनला तुम्ही जो टाइप लावता, त्यावर ते डोळे मिटून विश्वास ठेवतं. ती सीमा स्वतः तपासावी लागते.

शेवटी पांढऱ्या पडद्याबद्दल. रिअ‍ॅक्टमध्ये 2017 च्या सोळाव्या आवृत्तीपासून कुठलाही कंपोनंट रेंडर होताना आलेला न पकडलेला एरर आख्खं अ‍ॅप पडद्यावरून उतरवतो. एका गावाच्या पानावरची चूक मेनूसकट सगळं घेऊन जाते. प्रत्येक राउटला स्वतःची एरर बाउंडरी द्या, म्हणजे बिघडलेल्या पानाच्या जागी दोन ओळींचा निरोप आणि यादीकडे परत जायचं बटण तरी राहील. त्या निरोपात तांत्रिक शब्द नकोत. 'या गावाची माहिती सध्या उघडत नाही, थोड्या वेळानं पुन्हा बघा' एवढं पुरे. तांत्रिक तपशील तुमच्याकडे नोंदला जाऊ द्या, आणि त्यात पानाचा पूर्ण पत्ता जरूर असू द्या. पत्त्याविना आलेला अनडिफाइन्डचा रिपोर्ट उलगडता येत नाही, कारण कोणत्या कोडवर गाडी अडली तेच कळत नाही.

अ‍ॅप लोकांच्या हाती देण्याआधी गावाच्या पानाची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर अशा माणसाला पाठवा ज्याच्या फोनवर ते कधी उघडलेलं नाही. मग कोडमधला एक आकडा चुकवून तीच लिंक उघडा. कोडच्या जागी शब्द लिहून उघडा. नेट मंद करून एका गावावरून दुसऱ्यावर भराभर जा आणि ब्राउझरच्या मागे-पुढे बाणांनी फिरून या. त्या वेळी कन्सोल उघडाच ठेवा.